कुणाचंच राहिलेलं नाही

चुकलेल्या क्वेरीचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात तुम्ही स्वल्पविराम विसरता, कॉलमचं नाव चुकीचं लिहिता, कंस बंद करायचा राहतो. डेटाबेस लगेच लाल अक्षरांत ओरडतो. तुम्ही कपाळाला हात लावता, दुरुस्त करता, पुढे जाता. ही चूक गरीब स्वभावाची. ती कुणाचं नुकसान करत नाही, कारण ती तुम्हाला पुढे जाऊच देत नाही.

दुसऱ्या प्रकारात क्वेरी चालते. अर्ध्या सेकंदात उत्तर येतं. ओळी, रकाने, खाली बेरीज, सगळं टापटीप. ते एक्सेलमध्ये उतरतं, मेलला जोडलं जातं, कुणाच्या तरी टेबलावर पोचतं, त्यावर सही होते. आणि ते चुकीचं असतं. म्हणजे डेटाबेसच्या बाजूने ते अगदी बरोबर असतं. तुम्ही जे विचारलं त्याचंच उत्तर त्याने दिलेलं असतं. तुम्हाला विचारायचं होतं ते काहीतरी वेगळं होतं, एवढंच.

हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. तुम्ही डेटाबेसवर काम करत असाल तर यातल्या काही गोष्टी उद्या सकाळी उपयोगी पडतील. करत नसाल तरी वाचा, कारण तुमचं नाव कुठल्या ना कुठल्या यादीत असणारच, आणि ती यादी कुणीतरी एका क्वेरीने काढलेली असणार.

चौदा ओळींचं टेबल

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला डेटाबेस हा विषय होता. आमच्यातल्या बहुतेकांची एसक्यूएलशी पहिली ओळख झाली ती ओरॅकलच्या जुन्या नमुना टेबलांवर. युजरनेम स्कॉट, पासवर्ड टायगर. एम्प नावाच्या टेबलात १४ कर्मचारी, डेप्ट नावाच्या टेबलात ४ विभाग. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आम्ही त्या १४ जणांचे पगार इतक्यांदा वाढवले की कंपनी बुडाली असती.

व्हायवाला विचारायचे ते नॉर्मल फॉर्म, अ‍ॅसिड प्रॉपर्टीज, प्रायमरी की आणि युनिक की यांतला फरक. आम्ही पाठ करायचो आणि सांगायचो. पण त्या १४ ओळींत काय काय दडवून ठेवलंय ते मला नोकरीला लागल्यावर कळलं. उदाहरणार्थ, एकाही कर्मचाऱ्याचा विभाग नाही असं नव्हतं, पण ४ विभागांपैकी चाळीस नंबरच्या विभागात मात्र एकही कर्मचारी नव्हता. किंग हा कंपनीचा अध्यक्ष, म्हणून त्याच्या मॅनेजरच्या रकान्यात काहीच नव्हतं. कमिशनच्या रकान्यात टर्नरपुढे शून्य होतं, आणि दहा जणांपुढे शून्यसुद्धा नव्हतं, नुसती रिकामी जागा. या तीन रिकाम्या जागा पुढे माझ्या रोजच्या कामात पुन्हा पुन्हा भेटत राहिल्या.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याने पुढचं सोपं होईल. एडगर कॉड हा इंग्रज गणितज्ञ आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करायचा. १९७० साली त्याने एक निबंध छापला. माहिती साध्या टेबलांत ठेवा आणि ती आत कुठे, कशी साठवली आहे याची काळजी वापरणाऱ्यावर टाकू नका, असा त्याचा मुद्दा होता. त्याच आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये त्यासाठी एक भाषा मांडली. तिचं नाव सीक्वेल. ते नाव एका विमान कंपनीच्या ट्रेडमार्कशी धडकलं, म्हणून आखडून एसक्यूएल झालं. बॉइस त्याच वर्षी वारला. त्याने तिशीही गाठली नव्हती. मी रोज ज्या भाषेत आठ तास काम करते ती घडवणारा माणूस साधारण माझ्याच वयाचा होता, हे कळलं त्या दिवशी मी थोडा वेळ स्क्रीनकडे नुसती बघत बसले होते.

या भाषेची गंमत अशी, की तिच्यात काय हवं ते सांगायचं असतं, कसं आणायचं ते सांगायचं नसतं. वाण्याला यादी द्यावी तसं. तो कुठल्या पोत्यातून काय काढतो ते आपण बघत नाही. पण यादीत आपण जे लिहायला विसरलो ते तो आपल्या मनाने देत नाही. गडबडीची सुरुवात इथूनच होते.

दूध, फॅट आणि दहा दिवस

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. माझं स्वतःचं घर संगमनेरच्या बाजूचं, घरी चार गाई, त्यामुळे मुलाखतीत 'डोमेन नॉलेज आहे का' या प्रश्नावर मला हसू आलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केंद्रावर दिवसातून दोनदा दूध येतं, सकाळी आणि संध्याकाळी. काट्यावर वजन होतं, मशीनमध्ये फॅट आणि एसएनएफ मोजतात, त्यावरून लिटरचा भाव ठरतो, पावती निघते. बऱ्याच ठिकाणी दर दहा दिवसांनी बिल होतं. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. बिलातून पशुखाद्याचे, उचलीचे पैसे कापतात आणि उरलेले बँकेत जमा होतात. गावात याला सरळ 'पगार' म्हणतात. आमच्या घरी उसाचे पैसे आजोबांच्या नावावर, कांद्याचे वडिलांच्या हातात. दुधाचा पगार तेवढा आईचा. माझ्या कॉलेजची पहिली फी त्यातून गेली. त्यामुळे दहा दिवसांचं बिल ही माझ्यासाठी नुसती टेबलातली ओळ कधीच नव्हती.

आमच्या डेटाबेसमधली मुख्य टेबलं पाच: उत्पादक, संकलन, कपात, बँक खाती, देयकं. पुढची सगळी उदाहरणं यांतलीच.

सात बाया

मी लागून चार महिने झाले असतील. एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला. मी तेव्हा सपोर्टच्या पाळीला होते.

"मॅडम, तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय कुणाचंच राहिलेलं नाही. आणि माझ्या दारात सात बाया उभ्या आहेत."

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बिल न मिळालेले उत्पादक' असा एक रिपोर्ट होता. बिलं जमा झाली की सचिव तो उघडायचे. रिकामा आला की चेअरमनना सांगायचे, सगळ्यांचं झालं. त्या दिवशीही तो रिकामाच आला होता.

"सचिव साहेब, त्या ताईंचे कोड सांगता का?"

त्यांनी कोड वाचून दाखवले. मागून एक आवाज आला, "त्या पोरीला म्हणावं, दोन वेळचं दूध घातलंय, पावत्या आहेत माझ्याकडं." पावत्या होत्याच. संकलनाच्या टेबलात सातही जणींचं दहा दिवसांचं दूध लिटर-मिलिलिटरसकट होतं. देयकांच्या टेबलात मात्र सातपैकी एकीचंही नाव नव्हतं.

कारण दोन क्वेऱ्यांत होतं. दोन्ही माझ्या येण्याच्या कितीतरी आधी लिहिलेल्या, आणि लिहिणारा कंपनी सोडून गेलेला.

पहिली क्वेरी बिलाची यादी काढायची. ती उत्पादकांचं टेबल बँक खात्यांच्या टेबलाला साध्या जॉइनने जोडायची. साध्या जॉइनचा, म्हणजे इनर जॉइनचा नियम असा, की दोन्हीकडे जोडी असेल तरच ओळ उत्तरात येते. या सात जणींचं सभासदत्व नुकतंच त्यांच्या स्वतःच्या नावावर झालं होतं. आधी ते नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नावावर होतं. नवी खाती उघडली होती, पण त्यांची नोंद सिस्टीममध्ये व्हायची होती. खात्यांच्या टेबलात ओळ नाही, म्हणजे जोडी नाही, म्हणजे यादीत नाव नाही. ना एरर, ना सूचना. एम्प-डेप्टमधला तो चाळीस नंबरचा विभाग आठवतोय? कर्मचाऱ्यांशी जोडला की तो असाच गायब होतो.

दुसरी क्वेरी म्हणजे तो 'न मिळालेले' रिपोर्ट. पहिलीतून कुणी सुटलं तर पकडणं हेच तिचं काम. ती म्हणायची: ज्यांचा कोड या बिलाच्या देयकांत नाही, म्हणजे नॉट इन, असे उत्पादक दाखव. वाचायला अगदी बरोबर. पण देयकांच्या टेबलात दूध उत्पादकांशिवाय टेम्पोभाड्याचीही नोंद असायची. टेम्पोवाला उत्पादक नाही, त्यामुळे त्या ओळीत उत्पादक कोड रिकामा. डेटाबेसच्या भाषेत नल.

आणि यादीत एक जरी नल असला, तरी नॉट इन कधीच कुणालाही होकार देत नाही.

नल म्हणजे शून्य नव्हे

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. नल म्हणजे शून्य नाही, रिकामी अक्षरंही नाहीत. नल म्हणजे 'माहीत नाही'. आता डेटाबेसला विचारा: १०७ हा कोड या यादीत नाही ना? यादी अशी: १०१, १०२, माहीत नाही. तो म्हणतो, १०१ नाही, १०२ नाही, पण तिसरा कोण ते माहीत नाही. कदाचित तो १०७ असेलही. म्हणून माझं उत्तरही 'माहीत नाही'. आणि व्हेअरची अट फक्त खात्रीच्या 'हो'ला आत घेते. 'नाही' बाहेर, 'माहीत नाही'ही बाहेर. झालं. सगळे उत्पादक बाहेर, रिपोर्ट रिकामा.

दोन खऱ्याखोट्याऐवजी तीन उत्तरांचं हे तर्कशास्त्र आहे. कॉलेजच्या टेबलातही ते होतं. 'जे कुणाचेच मॅनेजर नाहीत असे कर्मचारी दाखवा' ही क्वेरी नॉट इनने लिहिली तर शून्य ओळी येतात, कारण मॅनेजरच्या रकान्यात किंगची रिकामी जागा बसलेली आहे.

म्हणजे सात जणींना एका क्वेरीने वगळलं, आणि त्यांना शोधायला ठेवलेली दुसरी क्वेरी टेम्पोभाड्याच्या एका ओळीमुळे आंधळी झाली होती. खाती त्याच दिवशी नोंदवून घेतली, पुरवणी बिल काढलं. तरी पैसे उशिरानेच पोचले. दहा दिवसांच्या दुधाच्या पैशात पेंडीचं पोतं येतं, किराणा येतो, बचत गटाचा हप्ता जातो. गाय काही दहा दिवस उपाशी राहत नाही. पेंड उधारीवर आणावी लागते, आणि दुकानदारापुढे मान खाली घालावी लागते ती त्या बाईलाच.

तेव्हापासून माझे काही नियम झाले. ते एकेक सांगते.

'नाही'चा प्रश्न नॉट एक्झिस्ट्सने विचारा

'कुणाचं राहिलं' असं शोधायचं असेल तेव्हा नॉट इनऐवजी नॉट एक्झिस्ट्स वापरा. ते प्रत्येक उत्पादकासाठी विचारतं, याच्या नावाची एखादी ओळ तिकडे आहे का? टेम्पोवाल्याची ओळ कुणाशीच जुळत नाही, म्हणून कुणाच्या आड येत नाही. दुसरा मार्ग लेफ्ट जॉइन करून उजवीकडचा कोड नल आहे का ते बघण्याचा. दोन्ही चालतात. मात्र नलशी तुलना करताना बरोबरचं चिन्ह वापरू नका, इझ नल असंच लिहा. माहीत नसलेली एक गोष्ट माहीत नसलेल्या दुसरीच्या बरोबर आहे का, याचं उत्तरही 'माहीत नाही' असंच येतं.

हाच त्रास बेरजांत आणि सरासरीतही होतो. फॅटचं मशीन बंद असलं की त्या पाळीचा फॅट नल. मग '३.५ पेक्षा कमी' आणि '३.५ किंवा जास्त' अशा दोन याद्या काढल्या तर त्यांची बेरीज एकूण नोंदींइतकी भरत नाही. मधल्या ओळी दोन्हीकडून गळतात. सरासरी काढताना नल मोजलाच जात नाही. काउंटमध्ये तारा टाकला तर सगळ्या ओळी मोजल्या जातात, आणि कॉलमचं नाव टाकलं तर त्या कॉलममध्ये काहीतरी असलेल्या ओळीच. हे दोन आकडे शेजारी शेजारी काढून बघा. फरक आला, तर तेवढ्या जागा रिकाम्या आहेत.

जोडण्याआधी मोजा, जोडल्यावर पुन्हा मोजा

माझी सगळ्यात जास्त कामाला आलेली सवय हीच. उत्पादक ४१२ असतील, तर जॉइननंतर वेगवेगळे उत्पादक कोड किती उरले? कमी झाले तर कोण गळलं? लगेच लेफ्ट जॉइन करून बघा.

लेफ्ट जॉइनलाही एक चोरवाट आहे. सगळे उत्पादक हवेत, ज्यांची पशुखाद्याची कपात आहे त्यांच्यापुढे ती हवी, बाकीच्यांपुढे रिकामं. तुम्ही लेफ्ट जॉइन लिहिता आणि खाली व्हेअरमध्ये लिहिता, कपातीचा प्रकार बरोबर पशुखाद्य. संपलं. ज्यांची कपातच नाही त्यांचा प्रकार नल, तो अटीत बसत नाही, ओळ बाहेर. तुमचा लेफ्ट जॉइन गुपचूप इनर जॉइन झाला. ती अट जोडणीतच, ऑनच्या पुढे लिहायची.

ओळी गळतात तशा वाढतातही. एका उत्पादकाच्या दहा दिवसांत संकलनाच्या २० ओळी, आणि कपाती तीन. दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत त्याच्या कोडवर जोडली तर प्रत्येक ओळ प्रत्येकीशी जुळते. २० गुणिले ३, ६० ओळी. दुधाची बेरीज तिप्पट, कपातीची वीसपट. दूध तिप्पट दिसलं तर कुणीतरी बोलेल तरी. पण कपात एकच असेल तर दूध बरोबर दिसतं, कपात मात्र वीसपट होते, आणि ज्याचं बिल उणे येतं तो बिचारा आधी स्वतःलाच विचारतो, इतकं खाद्य नेलं का आपण?

यावर डिस्टिंक्टची मलमपट्टी करू नका. दोन दिवस सकाळी बरोबर साडेपाच लिटर दूध आलं, तर बेरजेतला डिस्टिंक्ट त्यातला एक दिवस खाऊन टाकतो. दुधाची बेरीज आधी वेगळी करा, उत्पादकामागे एक ओळ. कपातीची वेगळी, उत्पादकामागे एक ओळ. मग त्या दोन बेरजा जोडा.

तारखेचा शेवटचा दिवस

एक ते दहा तारखेचं दूध. सहज हात जातो तो बिट्वीनकडे: एक तारीख ते दहा तारीख. कॉलममध्ये नुसती तारीख असेल तर ठीक. पण वेळही साठवलेली असेल, तर 'दहा तारीख' याचा अर्थ दहा तारखेचे रात्रीचे बारा. त्यानंतरचं सगळं, म्हणजे दहा तारखेची सकाळ आणि संध्याकाळ, बाहेर. दहा दिवसांतला पूर्ण एक दिवस. आणि तो सगळ्यांचाच जातो, त्यामुळे एकाची दुसऱ्याशी तुलना करून सापडतही नाही.

म्हणून असं लिहा: एक तारखेपासून, आणि अकरा तारखेच्या आधी. पहिलं टोक धरून, दुसरं सोडून. महिनाअखेरचं बिल असेल तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आधी. मग महिना २८ दिवसांचा की ३१ चा, हा विचारच करावा लागत नाही.

दुसरा सापळा घड्याळाचा. बरेच सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये ठेवतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटे पाच दहाला केंद्रावर आलेलं दूध यूटीसीत आदल्या रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं. म्हणजे अकरा तारखेचं पहाटेचं दूध दहा तारखेत. साडेपाचनंतर आलेल्यांचं सगळं बरोबर. सगळ्यात लवकर उठून पहिल्या नंबरला कॅन लावणाऱ्याचाच हिशेब हलतो. तारीख काढण्याआधी वेळ भारतीय वेळेत बदलून घ्या. त्याहून बरं म्हणजे संकलनाची तारीख आणि पाळी, सकाळ की संध्याकाळ, हे वेगळे रकाने ठेवा. केंद्रावरचा माणूस हिशेब याच भाषेत करतो.

नावावर जोडू नका

आपल्याकडची नावं जोडणीला फार वाईट. लग्नाआधी एक, लग्नानंतर दुसरं. कुठे 'सौ.' लावलेलं, कुठे नाही. आधारवर वडिलांचं नाव मधे, पासबुकावर नवऱ्याचं. गावांचंही तेच. वडगाव बुद्रुक, वडगाव बु., वडगाव बु, आणि शेजारचं खुर्द. माणसाला कळतं, डेटाबेसला ही चार गावं.

मराठीत आणखी एक मजा आहे. 'कुऱ्हाडे' हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. त्यातला अर्धा र एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्ताने बनतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. डेटाबेसच्या नेहमीच्या तुलनेत दोन वेगळी माणसं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही या दोघांना एक करत नाही. त्यामुळे 'नाव बरोबर टाकलंय तरी सापडत नाही' अशी तक्रार आली की मी आधी अक्षरांची लांबी मोजते. क्रमवारीचं वेगळंच. नुसत्या कोड क्रमांकानुसार लावलं तर ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो, आपल्या मुळाक्षरांत तो ह च्या नंतर. मराठीसाठीचं कोलेशन आहे का ते बघा.

सार एवढंच: माणसं कोडवर जोडा. नाव फक्त दाखवायला.

बदल करताना, आणि क्वेरी रेंगाळते तेव्हा

अपडेट किंवा डिलीट करायचं असेल तर आधी तीच अट सिलेक्टला लावून बघा. किती ओळी आल्या? सात याव्यात आणि सात आल्या, तर ट्रॅन्झॅक्शन सुरू करा, बदल करा, किती ओळी बदलल्या तो आकडा वाचा. सात असेल तर कमिट, नाहीतर रोलबॅक. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट आपोआप चालू असतं. ट्रॅन्झॅक्शन स्वतः सुरू केलं नाही तर मागे यायला वाट नाही.

क्वेरी हळू चालत असेल तर सर्व्हरला शिव्या देण्याआधी तिच्यापुढे एक्सप्लेन लिहा. डेटाबेस कुठल्या वाटेने जाणार ते तो सांगतो. मोठं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतोय असं दिसलं, तर अटीकडे बघा. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलंय का? 'तारखेचा महिना बरोबर ३' असं लिहिलं की तारखेवरचा साधा इंडेक्स कामाला येत नाही. 'एक मार्चपासून, एक एप्रिलच्या आधी' असं लिहा, येईल. पूर्ण नाव एकाच रकान्यात असेल आणि तुम्ही आडनावाने शोधत असाल, तर लाइकच्या सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह लागतं. तिथेही साधा इंडेक्स हात वर करतो. शब्दकोशात 'शेवटी पाटील असलेले शब्द' शोधायला सांगितलं तर आपणही पहिल्या पानापासूनच सुरू करू. आणि पोस्टग्रेसमध्ये एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ वापरताना जपून. ते क्वेरी खरंच चालवतं. डिलीटपुढे लावलं तर ओळी खरंच जातात.

एआयने लिहून दिली तर?

हल्ली आमच्याकडे बरेच जण क्वेरी एआयकडून लिहून घेतात. मीही घेते. नॉट इनमधला नल त्यालाही माहीत असतो, विचारलं तर छान समजावून सांगतो. पण देयकांच्या टेबलात टेम्पोभाडंही जातं, हे त्याला कुणी सांगितलं? नव्या सभासद बायकांची खाती यायला उशीर होतो, हे? हे टेबलांच्या रचनेत कुठेच लिहिलेलं नसतं. ते सचिवांना माहीत असतं, काट्यावरच्या पोराला माहीत असतं, दारात उभ्या असलेल्या बाईला तर माहीत असतंच. क्वेरी कुणीही लिहो, या माणसांना एक फोन करणं आपल्याच वाट्याला येतं.

म्हणून माझा सगळ्यात आवडता नियम सगळ्यात साधा आहे. एकच आकडा दोन वाटांनी काढायचा. दुधाची एकूण रक्कम एकीकडे. उत्पादकांना जमा झालेली रक्कम अधिक कपाती दुसरीकडे. जुळलं तर ठीक, नाही तर फरक कुणाचा ते शोधायचं. आणि 'काहीच राहिलेलं नाही' असं सांगणारा कुठलाही रिपोर्ट वापरात देण्याआधी, चाचणीच्या डेटात जाणूनबुजून एक राहिलेला माणूस घालायचा. तो पकडला गेला, तरच त्या रिपोर्टच्या रिकाम्या पानावर विश्वास ठेवायचा.

त्या केंद्राच्या रिपोर्टखाली आता चार ओळी छापून येतात: दूध घातलेले उत्पादक किती, बिल जमा झालेले किती, खात्याची नोंद नसलेले किती, आणि रकमेतला फरक. पहिल्या दोन बिलांना सचिव कुरकुरले, "मॅडम, उगाच कागद वाढवला." तिसऱ्या बिलाला त्यांनी बिलं पाठवायच्या आदल्या दिवशीच फोन केला. खात्याची नोंद नसलेले दोन दिसत होते, आणि त्या दोघांची पासबुकं त्यांनी घरून मागवून घेतली होती.